अवताराच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी : सेकंड लाइफची रिमोट साधनं कितपत कामाची?

अवतारासाठी, म्हणजे आभासी जगात आपल्या नावाने वावरणाऱ्या बाहुलीसाठी, रिमोटवर चालणारी पगडी, नथ, तुरा किंवा मशाल बनवायची असेल, तर लिंडेन लॅबच्या सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगाइतकी पूर्ण सोय दुसरीकडे नाही. हे जग 2003 पासून चालू आहे, खातं फुकट आहे. वस्तू घडवणं, तिच्यात स्क्रिप्ट (वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम) घालणं, ती घालून बघणं आणि विकणं एकाच ठिकाणी होतं. आम्ही पाचपैकी चार गुण देतो. एक गुण दोन कारणांनी कापला: रिमोटचा निरोप पोचला की नाही हे यंत्रणा आपणहून सांगत नाही, आणि देवनागरी बटणांच्या बाबतीत ती फारच कद्रू आहे.

नमुना म्हणून ग्वाल्हेरच्या मराठी घरांना लगेच ओळखू येईल अशी वस्तू घेतली आहे: शिंदेशाही पगडी. निम्मे लोक ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आणि निम्मे पुण्या-बंगळुरात अशी बारा जणांची मंडळी गणपतीची मिरवणूक आभासी जगात काढणार. सगळ्यांच्या पगडीचा रंग आणि तुऱ्याचा उजेड एका म्होरक्याच्या रिमोटवर. एवढं नीट चाललं की नथ, बाजूबंद, लेझीम सगळं त्याच साच्यात बसतं.

पगडी ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या प्रोग्राममध्ये घडवायची आणि कोलाडा या प्रकारची फाइल म्हणून चढवायची. असा मेश, म्हणजे त्रिकोणांनी विणलेला आकार, चढवण्याची परवानगी मिळण्यासाठी खात्यात पैसे देण्याची माहिती भरलेली हवी आणि मालकी हक्कांवरची छोटी प्रश्नावली सोडवलेली हवी. हे आधी उरकून ठेवा. एका मेशला जास्तीत जास्त आठ पृष्ठं मिळतात. पगडीला तीन पुरतात: कापड, जरीची किनार, तुरा. कापडाचे पीळ खऱ्या भूमितीत घडवू नका, नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, उतरवा. नाहीतर त्रिकोणांची संख्या विनाकारण फुगते आणि बारा पगड्या एकत्र आल्या की साध्या लॅपटॉपला धाप लागते.

पगडी हाडांना बांधू नका, म्हणजे रिग करू नका. प्रत्येक कंपनीच्या मेश डोक्याचा आकार वेगळा असतो. रिग केलेली वस्तू घालणाऱ्याला जागेवरून हलवता येत नाही, मग पगडी कुणाच्या कपाळात घुसते तर कुणाच्या डोक्यावर तरंगते. ‘स्कल’ या जोडबिंदूवर साधी अडकवा आणि पुढच्या मालकाला बदल करण्याची परवानगी द्या, म्हणजे ज्याची त्याला बसवून घेता येते. नथीचं उलट आहे. डिसेंबर 2016 मध्ये बेंटो सांगाडा आला, तेव्हापासून अवताराचा चेहरा हलतो. ‘नोज’ बिंदूला नुसती अडकवलेली नथ मात्र चेहऱ्याबरोबर हलत नाही, अवतार हसला की ती ओठात रुतते. नथ चेहऱ्याच्या हाडांना बांधावी लागते, आणि मग एकेका डोक्यासाठी वेगळी आवृत्ती काढण्याची तयारी ठेवावी लागते.

लहान दागिन्यांचा आणखी एक त्रास. लांबून बघताना व्ह्यूअर (हे जग दाखवणारा आपल्या संगणकावरचा प्रोग्राम) वस्तूची हलकी आवृत्ती दाखवतो आणि ती कधी बदलायची हे वस्तूच्या आकारावर ठरवतो. पगडी मोठी असल्यामुळे निभावते. दोन-तीन सेंटिमीटरची नथ चार पावलं मागे गेलं की तीन त्रिकोणांचा चुरा होऊन बसते. उपाय एवढाच की चढवताना मधल्या आणि खालच्या पातळ्या आपोआप बनू द्यायच्या नाहीत, स्वतः बनवायच्या. चढवण्याचं शुल्क थोडं वाढतं, ते सोसावं.

आता रंग. कापडाचं टेक्स्चर, म्हणजे पृष्ठावर चढवलेलं चित्र, पांढरं किंवा फिकट राखाडी ठेवा, कारण स्क्रिप्टने दिलेला रंग टेक्स्चरशी गुणला जातो. लाल कापडावर हिरवा रंग दिला तर हिरवं होत नाही, काळपट चॉकलेटी होतं. रंगाचे आकडे 0 ते 255 नव्हे, 0 ते 1 असे लिहायचे. केशरी म्हणजे 1.0, 0.5, 0.0 च्या आसपास. रंग बदलायला ‘सेट लिंक प्रिमिटिव्ह पॅराम्स फास्ट’ हेच फंक्शन वापरा. नुसतं ‘सेट प्रिमिटिव्ह पॅराम्स’ दर वेळी स्क्रिप्टला 0.2 सेकंद थांबवतं, आणि पाच बदल ओळीने आले की पगडी सेकंदभर मागे पडते. (या सगळ्या फंक्शनांच्या नावाआधी दोन छोटे ‘एल’ लागतात. इथे ते गाळले आहेत.)

नव्या पीबीआर पद्धतीचं, खऱ्या पदार्थासारखी चमक दाखवणारं, जीएलटीएफ मटेरियल लावलं असेल तर जुना रंगबदल त्या पृष्ठावर दिसतच नाही. रिमोट दाबला, निरोप पोचला, स्क्रिप्टही चालली, आणि पगडी तशीच. अशा वेळी दोष रिमोटमध्ये शोधत बसू नका. त्या पृष्ठासाठी जीएलटीएफ बेस कलरचा वेगळा पॅरामीटर द्यावा लागतो, आणि तो रंग रेषीय मोजणीत मागतो, म्हणून आधी ‘एसआरजीबी टू लिनिअर’ मधून काढून घ्यायचा. जुने व्ह्यूअर वापरणाऱ्यांसाठी साधं टेक्स्चरही खाली ठेवा आणि दोन्ही रंग एकाच निरोपावर बदला.

तुऱ्यात खरा दिवा, म्हणजे पॉइंट लाइट, ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. अंगावरच्या वस्तूंचे दिवे न दाखवण्याची सोय व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये आहे आणि पुष्कळ लोक ती वापरतात. पूर्ण उजळ पृष्ठ आणि 0.05 ते 0.1 एवढा ग्लो पुरतो. त्यापलीकडे गेलात की जरी ट्यूबलाइटसारखी दिसू लागते.

रिमोटसाठी दोन भाग लागतात. एक पडद्यावरचा रिमोट, ज्याला तिथे हड म्हणतात. तो फक्त घालणाऱ्यालाच दिसतो. दुसरा भाग पगडीतली ऐकणारी स्क्रिप्ट. दोघं चॅटच्या चॅनलवर बोलतात. ‘व्हिस्पर’ 10 मीटर, ‘से’ 20, ‘शाउट’ 100 मीटर, आणि ‘रीजन से’ संपूर्ण रीजनभर ऐकू जातं. रीजन म्हणजे 256 बाय 256 मीटरचा तुकडा. एकट्याच्या पगडीला यातलं काहीच वापरू नका, ‘रीजन से टू’ वापरा. अवताराची ओळख-किल्ली (प्रत्येकाचा वेगळा ओळख-क्रमांक) देऊन शून्य सोडून कुठल्याही चॅनलवर निरोप टाकला, की तो फक्त त्याच्या अंगावरच्या वस्तूंनाच ऐकू येतो. शेजाऱ्याच्या पगडीला त्याचा पत्ता लागत नाही.

चॅनलचा आकडा मनाने ठरवू नका. विकत मिळणाऱ्या अनेक तयार संचांमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठरीव चॅनल असतो, मग एकाने बटण दाबलं की दहा जणांच्या टोप्या बदलतात. मालकाच्या ओळख-किल्लीचे पहिले आठ हेक्स (सोळाच्या पटीतले) अंक घ्या आणि सर्वांत वरचा बिट 1 करा. प्रत्येकाला जवळपास स्वतंत्र असा ऋण चॅनल मिळतो. ऋण चॅनलवर चॅट खिडकीतून चुकून कुणी लिहीत नाही, त्यामुळे खोडसाळपणाही कमी होतो.

आता सर्वांत जास्त गिऱ्हाइकं ज्यामुळे परत येतात ती चूक. पगडी बनवणाऱ्याकडे छान चालते, विकली की मुकी होते. कारण स्क्रिप्टने ‘लिसन’, म्हणजे चॅनलवरचा कान, उघडलं तेव्हा मालक तुम्ही होतात. वस्तू दुसऱ्याकडे गेली तरी स्क्रिप्ट जिथे होती तिथूनच पुढे चालते, आणि सुरुवातीचा ‘स्टेट एंट्री’ प्रसंग (इव्हेंट) पुन्हा घडत नाही. पगडी जुन्या मालकाच्याच चॅनलवर कान देऊन बसते. ‘चेंज्ड’ प्रसंगात मालक बदलल्याची खूण तपासून स्क्रिप्ट रीसेट करायची, एवढाच उपाय आहे. चाचणी स्वतःच्या एकाच खात्यावर करून हे कधीच सापडत नाही. दुसरं फुकट खातं उघडा आणि पगडी त्याला देऊन बघा.

आता कापलेल्या गुणाकडे. हा निरोप म्हणजे पोस्टकार्ड आहे, रजिस्टर्ड पत्र नव्हे. घालणारा नुकताच लॉगिन झाला असेल, टेलिपोर्ट करून येत असेल, किंवा पगडी अजून अंगावर यायची असेल, तर निरोप हवेत जातो. रिमोट समजतो केशरी झाली, पगडी पांढरीच. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. सुरई उचलली की ती थांबते असं तिचं वर्णन करतात. तिथे माणसाच्या हाताची खबर गाडीला मिळते. आपल्या रिमोटला तशी खबर आपणच द्यावी लागते.

पद्धत अशी. रिमोट प्रत्येक निरोपाला क्रमांक देतो: आज्ञा, किंमत, क्रमांक, मध्ये उभ्या रेघा. पगडी काम झाल्यावर तोच क्रमांक पावती म्हणून परत पाठवते. रिमोट 2 सेकंद वाट बघतो, पावती नाही आली तर पुन्हा पाठवतो, असं तीनदा. तरीही नाही, तर बटणाची कड लाल. 2 सेकंद यासाठी की सेकंड लाइफचे सर्व्हर अमेरिकेत आहेत. ग्वाल्हेरहून साध्या क्लिकला जाऊन यायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो, आणि गर्दीच्या रीजनमध्ये स्क्रिप्टची पाळी उशिरा येते. अर्ध्या सेकंदात घाई केली तर तीच आज्ञा दोनदा पोचते. तुरा लाव-बंद एकाच बटणावर असेल, तर तो लागून लगेच विझतो. म्हणून ‘उलटव’ अशी आज्ञा ठेवूच नका. ‘लाव’ आणि ‘बंद’ अशा दोन स्पष्ट आज्ञा ठेवा, म्हणजे तीच आज्ञा पाच वेळा पोचली तरी बिघडत नाही. याशिवाय पगडी अंगावर येताच, ‘अटॅच’ प्रसंगात, तिनेच रिमोटला विचारायचं: सध्या काय चालू आहे? मग मध्येच आलेला माणूसही बाकीच्यांच्या रंगात येतो.

रिमोटची बटणं ‘डायलॉग’ने दाखवायची तर बारापर्यंत मिळतात. यादीतली पहिली तीन सर्वांत खालच्या ओळीत बसतात, हे विसरलं की ‘रद्द’ नेमकं वर येतं. प्रत्येक डायलॉगमागे स्क्रिप्ट एक सेकंद थांबते. बटणावरचा मजकूर जास्तीत जास्त 24 बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे आठ चिन्हं. ‘केशरी’ 15, ‘डाळिंबी’ 21, ‘मोरपंखी’ 21, ‘चिंतामणी’ बरोबर 24. इथवर ठीक. ‘तुरा बंद’ 22 बाइट, बसतं. ‘तुरा चालू’ 25 बाइट, एका बाइटने हुकतं, आणि नुसतं ते बटण नव्हे, अख्खी खिडकीच उघडत नाही, वर चूक दाखवली जाते. इंग्रजीत चाचणी करून शेवटी मराठी नावं घालणाऱ्याला हे हमखास नडतं. ‘तुरा लाव’ लिहा, 22 मध्ये मावतं. वरच्या सूचनेला 512 बाइट आहेत, म्हणजे जेमतेम 170 चिन्हं. लांबलचक मराठी वाक्याला जागा नाही.

म्हणून आमची शिफारस चित्र-रिमोटची. एकाच सपाट प्रिमवर (तिथल्या साध्या तयार ठोकळ्यावर) बारा चौकोनांचं चित्र लावायचं, अक्षरं चित्रातच, मग बाइट मोजायला नकोत आणि अक्षरांचं वळणही आपलं. क्लिक कुठे झाली ते ‘डिटेक्टेड टच एसटी’ 0 ते 1 मध्ये सांगतं. आडव्या आकड्याला 4 ने आणि उभ्याला 3 ने गुणून पूर्णांक घेतला की चौकोन कळतो. उभी मोजणी खालून वर होते, वरून खाली नाही. काही वेळा जागा न कळल्याने उणे 1 येतं, ते आधी गाळा. चित्र 512 पिक्सेलचं पुरे.

बारा जणांसाठी म्होरक्याचा रिमोट ‘रीजन से’ वापरतो आणि चॅनल त्याच्या किल्लीवरून काढतो. हे रीजनमधल्या कुणालाही ऐकता येतं, त्यामुळे पगडीने बोलणाऱ्या वस्तूचा मालक ‘गेट ओनर की’ने तपासलाच पाहिजे. म्होरक्याचं नाव घालणाऱ्याने स्वतः ‘हो’ म्हणून मान्य केलेलं असावं, आणि ‘मला सोडा’ हे बटण त्याच्याकडे कायम असावं. दुसऱ्याच्या अंगावरची वस्तू चालवतो आहोत, तिथे संमतीशिवाय एक रंगही बदलू नये. हे बटण नसलेली पगडी कुणी फुकट दिली तरी घालू नका.

पावत्यांचा पूर येऊ देऊ नका. एका स्क्रिप्टच्या रांगेत 64 प्रसंग मावतात, पुढचे गळतात. बारा पावत्यांना धोका नाही, पण पुढच्या वर्षी शंभर जण आले तर? प्रत्येक पगडीने पावती 0 ते 2 सेकंदांमध्ये कधीतरी पाठवावी आणि रिमोटने तेवढी वाट वाढवावी. मिरवणूक रीजनची हद्द ओलांडत असेल तर वेगळाच प्रश्न: ‘रीजन से’ पलीकडे जात नाही, पुढचे सहा केशरी आणि मागचे सहा पांढरे राहतात. आज्ञा सगळे पलीकडे पोचल्यावर द्यावी, हेच सर्वांत खात्रीचं. काही जमिनींवर स्क्रिप्ट बंद असतात, तिथे पगडीही झोपते. स्क्रिप्टने अवताराची नियंत्रणं (चालण्या-वळण्याच्या कळा) घेण्याची परवानगी घेऊन ठेवली तर अंगावरची वस्तू तिथेही चालते. मार्ग अगोदर पायी फिरून बघा.

मोबाइलवरून, म्हणजे जगाबाहेरून, चालवायचं तर ‘रिक्वेस्ट यूआरएल’ पगडीला स्वतःचा वेबपत्ता देतं. सोय झकास आहे, पण पत्ता तात्पुरता. रीजन बदललं, टेलिपोर्ट झालं, पुन्हा लॉगिन केलं की जुना पत्ता मेला. दर वेळी नवा मागून तो स्वतःच्या सर्व्हरला कळवावा लागतो, आणि मोबाइलने सर्व्हरशीच बोलायचं, पगडीशी थेट नाही. कळवताना 20 सेकंदांत 25 विनंत्यांची मर्यादा पाळा. आलेल्या विनंतीत वेळ आणि सही असू द्या, 30 सेकंदांपेक्षा जुनी विनंती फेका. नुसता लांबलचक पत्ता गुप्त आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, तो एकदा कुणाला दिसला की संपलं.

सर्व्हर साधारणपणे मंगळवार-बुधवारी, तिथल्या पहाटे ते सकाळी, पुन्हा सुरू केले जातात. आपल्याकडे ती दुपार ते संध्याकाळ असते, नेमकी आरतीची वेळ. तिथलं घड्याळ पॅसिफिक वेळेवर चालतं. भाद्रपदात ग्वाल्हेरचे संध्याकाळचे सात म्हणजे तिथले सकाळचे साडेसहा. कार्यक्रम गुरुवार ते रविवारात ठेवा.

खर्च किरकोळ आहे. 1024 पिक्सेलपर्यंतच्या टेक्स्चरला 10 लिंडेन डॉलर (तिथलं चलन), मेशला गुंतागुंतीप्रमाणे. तेही वाचवता येतात. व्ह्यूअरमधली ‘लोकल टेक्स्चर’ची सोय डिस्कवरचं चित्र फुकट वस्तूवर दाखवते, फक्त ते दुसऱ्याला दिसत नाही. मेशची रंगीत तालीम आदिती नावाच्या चाचणी ग्रिडवर (सर्व्हरांच्या समूहावर) करा, तिथे खोटे पैसे चालतात. मुख्य ग्रिडचं नाव अग्नी आहे. घरच्या संगणकावरच सगळं करायचं असेल तर ओपनसिम हा मुक्त पर्याय आहे, तीच स्क्रिप्टभाषा बरीचशी चालते. पण वेळेची आणि गर्दीची परीक्षा तिथे होत नाही. फायरस्टॉर्म व्ह्यूअरचा स्क्रिप्ट संपादक मूळ व्ह्यूअरपेक्षा सोयीचा, समान तुकडे एकदाच लिहून प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ओढता येतात.

स्क्रिप्टला मोनोमध्ये (स्क्रिप्ट चालवणाऱ्या तिथल्या यंत्रणेत) 64 किलोबाइट मिळतात. पगडीला त्याचा चौथा हिस्साही लागत नाही, तेव्हा एकच स्क्रिप्ट ठेवा, रंगाला एक, तुऱ्याला एक असं करू नका. ठरावीक चॅनलवर ऐकत बसणं स्वस्त पडतं. दर दशांश सेकंदाला ठोके देणारा टायमर महाग पडतो, आणि त्याचा भार सगळ्या रीजनवर येतो.

व्हीआरचॅट या दुसऱ्या आभासी जगाशी तुलना अनेक जण विचारतात. तिथे दागिना वेगळा घालता येत नाही, युनिटी या गेम घडवण्याच्या प्रोग्राममध्ये अवताराबरोबरच बांधावा लागतो, आणि सगळ्यांना दिसणाऱ्या पॅरामीटरना मिळून 256 बिट मिळतात: लाव-बंदला 1, आकड्याला 8. पण ओएससी निरोप, म्हणजे बाहेरच्या उपकरणाकडून किंवा प्रोग्रामकडून येणाऱ्या आज्ञा, यूडीपी पोर्ट 9000 वर थेट घेता येतात. टेबलावरच्या खऱ्या बटणाने स्वतःचाच तुरा लावायचा असेल, तर ते सेकंड लाइफच्या यूआरएलपेक्षा कितीतरी सरळ आहे. बारा जणांच्या पगड्या एकाने चालवायच्या, आणि त्या उद्या तेराव्याला देता याव्यात, तर सेकंड लाइफच घ्या.

पाहुण्यांना पगडी वाटताना ती त्यांच्या सामानात टाकण्याऐवजी ‘अटॅच टू अवतार टेम्प’ने चढवा. पाहुण्याने परवानगीच्या खिडकीत होकार दिला की पगडी डोक्यावर येते आणि लॉगआउट झाला की आपोआप जाते. यासाठी पगडीला हस्तांतराची परवानगी असावी लागते. म्हणून ही प्रत विकायच्या प्रतीपासून वेगळ्या नावाने ठेवा. विकायच्या प्रतीवर नक्कल चालू असेल तर हस्तांतर बंद, आणि आतली स्क्रिप्ट बदल-बंद.